कॉम्प्रेसर, पाणी आणि बाबा

रात्री पावणेतीनला फोन वाजला की आमच्या धंद्यातला माणूस डोळे उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारतो, "कुठला सर्व्हर पडला?" २०२५ च्या जुलैत, आषाढी होऊन चार-पाच दिवस झाले असतील, असाच फोन वाजला आणि मी सवयीने लॅपटॉपकडे हात नेला. पण फोन ऑफिसचा नव्हता. निगडीहून आई-बाबांच्या शेजारच्या काकांचा होता.

"अरे, तुमच्या मागच्या शेडमधून कधीचं काहीतरी धडधडतंय. तुझे बाबा फोन उचलत नाहीयेत. बेल वाजवून दमलो."

आई तेव्हा ताईकडे कोल्हापूरला होती. म्हणजे घरात बाबा एकटे. वय वर्षं ७३. बाणेरहून निगडीपर्यंत भर पावसात मी गाडी कशी चालवली ते विचारू नका. वाटेत डोक्यात काय काय आलं तेही विचारू नका.

माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं तर बाबा पुढच्या खोलीत शांत झोपले होते. कानाचं मशीन डबीत, डबी उशाशी. तिकडे मागे शेडमध्ये कॉम्प्रेसर जीव तोडून चालत होता. होजपाइप क्लॅम्पपाशी फाटून जमिनीवर सापासारखा वळवळत होता, पंपाच्या हेडवरचा रंग जळल्याचा वास सुटला होता, आणि प्रेशर गेजचा काटा अडीचवर थरथरत उभा. मी मेन स्विच खाली ओढला. एकदम इतकी शांतता झाली की पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायला लागला.

बाबांना उठवलं. पहिलं वाक्य काय, तर, "मी बंद केला होता."

प्रेशर स्विचचा नॉब 'ऑटो'वर होता. मी तो दाखवला. बाबा नॉबकडे बघत राहिले, काही बोलले नाहीत. मला ते न बोलणं जास्त लागलं.

आता थोडी पार्श्वभूमी. बाबा भोसरीतल्या एका कारखान्यात ३४ वर्षं टूलरूममध्ये होते. निवृत्त झाल्यावर मागच्या अंगणात पत्र्याची शेड उभी केली. त्यात एक जुना लेथ, बेंच ग्राइंडर, वेल्डिंग मशीन आणि हा कॉम्प्रेसर. २ हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर, पट्ट्यावर चालणारा बिडाचा पंप, १०० लिटरची टाकी. गल्लीतल्या पोरांच्या सायकलींत हवा भरण्यापासून खिडक्यांच्या ग्रिल रंगवण्यापर्यंत सगळं तिथे चालतं. गेलं वर्षभर मुख्य प्रोजेक्ट म्हणजे आमचा १९८६ चा चेतक. तो जन्मला आकुर्डीत, म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर. त्याला पुन्हा रस्त्यावर आणायचं बाबांनी मनावर घेतलं होतं.

सकाळी उजेडात गोष्ट उलगडली. आदल्या संध्याकाळी काम चालू असताना लाइट गेली. बाबा वाट बघून कंटाळले, अंधारात शेडला कडी लावून आत आले. कॉम्प्रेसर गप्प होता म्हणजे बंदच होता की! रात्री दोनच्या सुमारास लाइट आली, नॉब ऑटोवर, कॉम्प्रेसर सुरू. टाकी भरत आली आणि जुनाट होज फाटला. आता कितीही हवा भरली तरी प्रेशर ८ पर्यंत पोचणार नाही, आणि पोचलं नाही तर प्रेशर स्विच मोटर तोडणार नाही. त्याच्या दृष्टीने तो अगदी बरोबर वागत होता. आमच्याकडेही असे प्रोग्राम असतात.

इथवर ठीक होतं. पण मी टाकीखालचा ड्रेन कॉक उघडला आणि पोटात गोळा आला. चहाच्या रंगाचं, तेलकट पाणी यायला लागलं ते थांबेचना. बादलीत मोजलं, साडेचार लिटर.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तर मंडळी, लहानपणी मला बाबांनी पाढ्यांच्या आधी शिकवलेली गोष्ट म्हणजे 'संध्याकाळी टाकीतलं पाणी काढल्याशिवाय घरी यायचं नाही'. आणि त्याच माणसाच्या टाकीत साडेचार लिटर पाणी. बाजूला चेतकचं नुकतंच रंगवलेलं साइड पॅनेल होतं, त्यावर बारीक बारीक फोड. हवेबरोबर पाणी स्प्रे गनमध्ये गेलं की असंच होतं, हे मला बाबांनीच सांगितलेलं.

"बाबा, पाणी कधी काढलं होतं?"

"काढतो की."

बास. बंद करायला विसरले, पाणी काढायला विसरले. माझ्या आत्याचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस चालू राहायचा, मग नळ, मग नावं. दोन बिंदू मिळाले की त्यांतून सरळ रेष काढून ती थेट भविष्यकाळात न्यायची, ही आमच्या जमातीची खोड. मी ती रेष काढली आणि त्या रेषेच्या टोकाला जे दिसलं त्याने दोन रात्री झोपलो नाही.

आणि झोप न आलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर काय करतो? ऑटोमेशन.

पण आधी पाण्याचा हिशोब, कारण तो मला फार आवडला. पावसाळ्यात ३० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ८० टक्के धरली तर आपण पंपात २४ ग्रॅम घेतो. गेजवर ७ बार दिसतात तेव्हा बाहेरच्या वातावरणाचा १ धरून हवा ८ पट दाबलेली असते. म्हणजे तो घनमीटर आता सव्वाशे लिटरमध्ये बसलाय. गंमत अशी की किती वाफ मावणार हे जागेवर आणि तापमानावर ठरतं, तिथे हवा किती कोंबलीय त्यावर नाही. हे डाल्टनने १८०१ सालीच सांगून ठेवलंय. तेव्हा टाकी गार झाली की त्या सव्वाशे लिटरमध्ये पावणेचार ग्रॅमच वाफ राहते, उरलेल्या २० ग्रॅमचं पाणी. आमचा पंप मिनिटाला २०० लिटर हवा ओढतो, तासाला १२ घनमीटर. १२ गुणिले २०, म्हणजे तासाला जवळजवळ पाव लिटर पाणी! हेच मे महिन्यातल्या दुपारी, ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला, घनमीटरमागे साडेतीन ग्रॅमवर येतं. उन्हाळ्यात आळस केला तर खपून जातं, पावसाळ्यात नाही.

ते पाणी टाकीच्या तळाशी बसून आतून पत्रा खातं. बाहेरून रंग झकास. १०० लिटर टाकीत ७ बारला साधारण ९० किलोज्यूल ऊर्जा कोंडलेली असते. ७०० किलोची छोटी गाडी चौथ्या मजल्यापर्यंत उचलायला लागते तेवढी. आणि ही वस्तू माझ्या वडिलांच्या स्टुलापासून चार फुटांवर. कारखान्यात अशा टाक्यांसाठी १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३१ होतं. घराच्या अंगणातल्या शेडमध्ये फक्त आपण असतो.

तर आवृत्ती पहिली. एक वायफायवाला मायक्रोकंट्रोलर, एक रिले बोर्ड, फोनवर ॲप. नियम साधे होते. मोटर सलग १० मिनिटं चालली तर बंद, रात्री नऊनंतर बंद, आणि मला मेसेज. टाकी रिकामी असताना भरायला साधारण ५ मिनिटं लागतात, म्हणजे १० मिनिटं सलग चालली तर कुठेतरी फुटलंय हे नक्की. शनिवारी सगळं बसवलं आणि रविवारी बाबांना बोलावून प्रात्यक्षिक दिलं. कॉम्प्रेसर चालू असताना ऐटीत फोनवर 'ऑफ' दाबलं.

स्क्रीनवर 'ऑफ'. कॉम्प्रेसर धडधडतोय.

पुन्हा दाबलं. ॲप म्हणतंय ऑफ. लॉगमध्ये ऑफ. जगात कुठेही बसून बघितलं असतं तर कॉम्प्रेसर बंद होता, फक्त शेडमध्ये चालू होता. बाबा काही न बोलता उठले, चालत गेले, मेन स्विच खाली ओढला आणि परत स्टुलावर येऊन बसले.

"कॉन्टॅक्ट चिकटले," ते म्हणाले. "मोटर दहा अँपिअर घेते, पण सुरू होताना पाच-सहा पट घेते. तुझा तो बटाणा दहाचाच दिसतो."

रिले उघडून बघितला. खरंच वेल्डिंग झालं होतं. च्यायला, म्हणजे अपघात टाळायला लावलेली गोष्ट स्वतःच 'चालू' अवस्थेत अडकणारी निघाली. आणि मी त्या ॲपच्या भरवशावर बाणेरमध्ये निवांत झोपणार होतो.

"तपकीर गल्लीत जा," बाबा म्हणाले. "दोन एचपीचा सिंगल फेज स्टार्टर आण, हिरवं-लाल बटणवाला. आणि दोन टायमर. पण त्याआधी टाकी तपासू. आतून काय झालंय ते कळल्याशिवाय वर काहीही लावण्यात अर्थ नाही."

मला तेव्हा जाणवायला हवं होतं, की विसरभोळा माणूस असं बोलत नाही. पण मी माझ्या रेषेवर ठाम होतो.

टाकी सोडवून भोसरीला बाबांच्या जुन्या ओळखीच्या एका फॅब्रिकेटरकडे नेली. तिथे तिच्यात पूर्ण पाणी भरून हातपंपाने दाब चढवला. हवा का नाही? तर पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फुटलीच तर नुसती पिचकारी उडते, स्फोट होत नाही. कामाचा दाब ८, तपासणी १२ पर्यंत करायची होती. काटा १० वर गेला आणि टाकीच्या पोटाला, वेल्डिंगच्या रेषेजवळ, घाम फुटला. बारीक थेंब, मग त्यांची ओळ. बाबांनी बोट फिरवून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "भंगार." मी मात्र घरी येईपर्यंत गप्प होतो. त्या रात्री होज फाटला नसता तर टाकी ८ बारवर उभी राहिली असती. सकाळी नेहमीप्रमाणे तिच्याशेजारी स्टूल टाकून बाबा बसले असते.

नवी टाकी आली. आवृत्ती दुसरी सुरू झाली, यावेळी वडिलांच्या हाताखाली.

स्टार्टरची गंमत सांगतो. हिरवं बटण दाबलं की आतल्या कॉइलला वीज मिळते, कॉन्टॅक्टर आत खेचला जातो आणि त्याचाच एक छोटा कॉन्टॅक्ट त्याच्या कॉइलला वीज देत राहतो. बोट काढलं तरी तो स्वतःला धरून बसतो, म्हणून याला होल्डिंग म्हणायचं. लाइट गेली की पकड सुटते. लाइट परत आली तरी कोणी हिरवं बटण दाबेपर्यंत काही सुरू होत नाही. म्हणजे ही एका बिटाची मेमरी आहे, वीज गेली की आपोआप शून्य होणारी! त्या रात्रीचा सगळा प्रकार एवढ्या एका गोष्टीने टळला असता. वायफाय नाही, ॲप नाही, पासवर्ड नाही.

पहिला टायमर थेट मोटरला समांतर जोडला. प्रेशर स्विचने मोटर थांबवली की तो शून्यावर येतो, पण सलग १० मिनिटं झाली तर होल्डिंग तोडतो. दुसरा टायमर हिरवं बटण दाबल्यापासून २ तास मोजतो आणि मग सगळं सोडून देतो. काम बाकी असेल तर पुन्हा बटण दाबा.

पहिल्याच चाचणीत घोडं पेंड खायला लागलं. १० मिनिटांच्या टायमरने चालती मोटर मध्येच तोडली. बरोबर होतं. पुन्हा हिरवं दाबलं तर मोटर नुसती 'हूंऽऽ' करून अडली आणि ओव्हरलोड रिलेने उडवली.

"फुस्स ऐकलंस का?" बाबांनी विचारलं. काय?

प्रेशर स्विच मोटर तोडतो तेव्हा एक 'फुस्स' आवाज येतो. पंप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या मधल्या नळीत अडकलेली हवा तो सोडून देतो, म्हणजे पुढच्या वेळी मोटर मोकळ्या पंपाने सुरू होते. पण हा व्हॉल्व्ह प्रेशर स्विचच्या दांडीवर चालतो. आपण वरूनच वीज तोडली तर दांडीला पत्ता नाही, फुस्स नाही, नळीत ८ बार तसेच. मग मोटर त्या दाबाविरुद्ध उठणार कशी? लाइट गेल्यावरही नेमकं हेच होतं. उपाय म्हणजे त्या बारीक नळीवर टी टाकून एक छोटा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, वीज नसताना उघडा राहणारा, मोटरला समांतर. मोटर कुठल्याही कारणाने थांबो, फुस्स होणारच. कॉम्प्रेसरला बाहेरून कंट्रोल लावायचा विचार असेल तर हे लिहून ठेवा. आणि सेफ्टी व्हॉल्व्हला अजिबात हात लावायचा नाही. आपलं सगळं डोकं फेल गेल्यावर कामाला येणारा तो एकच.

राहिलं पाणी. त्यासाठी टायमरवाला ड्रेन व्हॉल्व्ह तयार मिळतो. एका चकतीवर किती मिनिटांनी, दुसऱ्या चकतीवर किती सेकंद. २० मिनिटं आणि ३ सेकंद लावलं. वीज त्याला कॉन्टॅक्टरच्या पुढून दिली, नाहीतर कॉम्प्रेसर बंद असताना रात्रभर थुंकत बसतो. दुसऱ्याच आठवड्यात पाइपातल्या जुन्या गंजाची एक कपची अडकून तो उघडाच राहिला आणि टाकी रिकामी झाली. १० मिनिटांच्या टायमरने तेव्हा पहिल्यांदा खरोखर इमान राखलं. मग व्हॉल्व्हच्या आधी जाळीची गाळणी घातली.

एवढं सगळं झाल्यावर आई कोल्हापूरहून आली. मी तिला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हटलं, "बाबांना एकदा डॉक्टरांना दाखवू या. विसरायला लागलेत."

"काय विसरले?"

"टाकीतलं पाणी. तीन आठवडे काढलं नव्हतं."

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा दुसरीत गेलो. "विसरतील कसे? पालखीबरोबर देहूपासून आकुर्डीपर्यंत चालले ना हट्टाने. तेव्हापासून गुडघा धरलाय. खाली बसता येत नाही त्यांना. तो कॉक टाकीच्या खाली, पोटाशी. कसं काढणार पाणी? तुला सांगू नको म्हणाले. म्हणाले, शेड बंद करायला लावेल."

मी मनातल्या मनात भागाकार केला. साडेचार लिटर, रोज जेमतेम तासभर मोटर, तासाला पाव लिटर. अठरा-वीस दिवस. बरोब्बर पालखीचा आठवडा. माझ्याच हिशोबात उत्तर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. आणि त्या रात्रीचं? गप्प असलेला कॉम्प्रेसर अंधारात बंद समजणं ही चूक मीही केली असती. मशीन काढून झोपलेल्या माणसाला तो नंतर ऐकूच येणार नव्हता.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. गुडघा आणि कान यांचा प्रश्न मी डोक्याचा समजून बसलो होतो. आणि तोंडाने विचारायचं सोडून मी वायफाय बसवत होतो.

पुढच्या शनिवारी दोन छोटी कामं केली. ड्रेन व्हॉल्व्हच्या आधी एक टी टाकून तांब्याची नळी टाकीच्या बाजूने कमरेच्या उंचीपर्यंत आणली आणि तिथे एक बॉल व्हॉल्व्ह लावला. टाकीत दाब असतो, त्यामुळे पाणी वर चढतं, वाकायची गरज नाही. आणि कॉन्टॅक्टरच्या पुढून एक वायर काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत लाल दिवा लावला. कॉम्प्रेसर चालू स्थितीत असला की दिवा पेटतो. ऐकू नाही आलं तरी दिसतो. सगळ्या प्रकल्पातल्या या सगळ्यात स्वस्त गोष्टी, आणि बाबांना फक्त याच आवडल्या.

गुडघ्यासाठी डॉक्टरांकडेही गेलो. जाताना गाडीत मी कबूल केलं की मला काय वाटलं होतं. बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "मलाही दोन दिवस तेच वाटलं. तो नॉब बघितल्यावर." आम्ही दोघेही, एकाच घरात, एकाच गोष्टीला घाबरून गप्प बसलो होतो.

चेतकचं पॅनेल त्यांनी घासून पुन्हा रंगवलं. दिवाळीच्या पाडव्याला आईला मागे बसवून आकुर्डीपर्यंत चक्कर मारून आले.

आताही कधी संध्याकाळी गेलो तर बघतो. ऑटोमॅटिक व्हॉल्व्हने दिवसभर आपलं काम केलेलं असतं, टाकी कोरडी असते. तरीही बाबा शेड बंद करण्याआधी उभ्याउभ्या तो बॉल व्हॉल्व्ह उघडतात, नळीच्या तोंडाशी तळहात धरतात, कोरडी हवा लागली की बंद करतात. मग लाल बटण दाबतात, आणि स्वयंपाकघरातून आई ओरडते, "गेला हो दिवा!"